प्रत्येक विद्यार्थ्याला लॅपटॉप : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

शाळेतल्या मुलांना लॅपटॉप देण्याबद्दल कोल्हापूर जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून पत्रं आली. गगनबावड्याची अडचण वेगळी, शिरोळची वेगळी. पण बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी दिसते : खरेदीची तयारी पुरी झालेली असते, वापराची सुरूही झालेली नसते. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेत आठवी ते दहावीची मिळून ११८ मुलं आहेत. माजी विद्यार्थी आणि गावकरी पैसे उभे करतायत. त्यांचा आग्रह 'प्रत्येक पोराच्या हातात लॅपटॉप' असा आहे. शिक्षक म्हणतात, आधी एका वर्गापुरते घ्या. कुणाचं ऐकावं?
(शाळा समिती सदस्य, गडहिंग्लज तालुका)

शिक्षकांचं ऐका. वेळापत्रक समोर घेऊन हिशेब मांडा. शनिवारची अर्धी शाळा धरून आठवड्याला साधारण ४४ तासिका होतात. गणित, विज्ञान, भूगोल आणि भाषा मिळून प्रत्येक इयत्तेच्या १० तासिका लॅपटॉपवर घ्यायच्या म्हटलं तरी तीन इयत्तांच्या ३० होतात. म्हणजे एकच संच तिन्ही वर्गांना पुरतो आणि चार्जिंगला, दुरुस्तीला वेळ उरतो. वर्गात ४० मुलं असतील तर ४२ लॅपटॉप घ्या. वरचे दोन कपाटात तयार ठेवायचे. तासिका सुरू असताना एखादा बंद पडला तर ते मूल शेजारच्याच्या स्क्रीनकडे बघत बसता कामा नये.

पेरू देशाने ग्रामीण शाळांतल्या मुलांना मोठ्या संख्येने लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या हाती यंत्रं पोचली होती, वापरही वाढला होता, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. रोजच्या शिकवण्यात लॅपटॉप नेमका कुठे बसतो, हे शिक्षकाला उमगलेलं नसेल तर असंच होणार. म्हणून आमचा सल्ला असा, की पहिले सहा लॅपटॉप शिक्षकांना द्या, तेही मुलांच्या आधी एक सत्र. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने आपल्या पुस्तकातले पाच घटक निवडून, लॅपटॉपवर मूल नेमकं काय करणार ते लिहून काढावं. 'व्हिडिओ बघणार' हे उत्तर चालणार नाही, कारण त्यासाठी वर्गात एक टीव्ही पुरतो. मूल मोजणार, आलेख काढणार, लिहून पुन्हा दुरुस्त करणार, असं काहीतरी हवं.

जमलेल्या पैशातले सगळे पैसे लॅपटॉपवर घालू नका. निदान एक तृतीयांश रक्कम वायरिंग, कपाट, वायफाय आणि तीन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढा. देणगीदारांना हे पटवणं जड जातं, कारण वायरिंगवर नाव घालता येत नाही. तरी पटवा.

अकरावी-बारावीची मुलं घरी नेऊन अभ्यास करणार असतील, तर मात्र प्रत्येकाला स्वतंत्र लॅपटॉप देण्यात अर्थ आहे.

प्रश्न : कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दोन दुकानांतून कोटेशन आणलं. एकात ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज, दुसऱ्यात ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी. पहिला बराच स्वस्त पडतो. मुलांच्या वापराला तो चालेल ना?
(सहशिक्षक, कागल तालुका)

नाही चालणार. विंडोज आणि तिचे अपडेट हे दोघंच ६४ जीबीतली निम्मी जागा सहज खातात. वर्षभरात अपडेटला जागा उरत नाही आणि यंत्र 'जागा अपुरी' म्हणत अडून बसतं. या स्वस्त लॅपटॉपमधलं स्टोरेज बहुधा ईएमएमसी प्रकारचं असतं. ते बोर्डावरच डकवलेलं असल्याने बदलता येत नाही, आणि रॅमचंही बहुतेक वेळा तेच. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी याच्या खाली उतरू नका. पैसे कमी पडत असतील तर संख्या कमी करा.

कोटेशनमध्ये सहसा न लिहिलेल्या काही गोष्टी विचारून घ्या. चार्जिंग टाइप-सी पिनचं असावं, म्हणजे एकाचा चार्जर दुसऱ्याला चालतो. स्क्रीन मॅट असावी, कारण चकचकीत स्क्रीनमध्ये वर्गाच्या खिडक्या दिसतात. बॅटरी स्क्रू काढून बदलता यावी. वॉरंटी तीन वर्षांची आणि शाळेत येऊन दुरुस्तीची असावी. लॅपटॉपला तीन वर्षं असली तरी बॅटरीला आणि चार्जरला अनेकदा एकच वर्ष असतं, तेव्हा ते वेगळं लिहून घ्या. आणि दुकानात असतानाच बिजागरी तपासा : झाकण एका कोपऱ्याला धरून उघडा. मुलं तसंच उघडणार आहेत. त्या वेळी स्क्रीनची चौकट पिळली जात असेल किंवा करकर आवाज येत असेल तर तो मॉडेल सोडा.

जुने, कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप घेणं वाईट नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, त्याच्या आधीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत जवळपास नाहीतच. विंडोज १० ची नियमित साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. आठव्या पिढीहून जुनं यंत्र कुणी फुकट दिलं तर त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घाला, शाळेच्या कामाला ते पुरेसं आहे. जुन्या यंत्राच्या बॅटरीचा अहवाल दुकानदाराला समोर काढायला लावा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी' लिहून एक जागा सोडायची, मग तिरपी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट'. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता असे दोन आकडे येतात. आजचा आकडा मूळच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करा.

प्रश्न : आमच्याकडे एका खोलीत ४० लॅपटॉप चार्जिंगला लावतो. एरवी चालतं, पण लाईट जाऊन परत आली की एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडतो. वायरमन म्हणतो, मोठा एमसीबी बसवू. बसवावा का? शिवाय दोन-तीन लॅपटॉपना हात लावला की झिणझिण्या येतात.
(मुख्याध्यापक, राधानगरी तालुका)

वायर न बदलता मोठा एमसीबी बसवू नका. तो यंत्रासाठी नसतो, भिंतीतली वायर तापून पेटू नये म्हणून असतो. बारीक वायरीवर मोठा एमसीबी बसवला तर तो शांत राहील आणि वायर जळेल.

आता कारण बघू. ४५ वॅटचे ४० चार्जर म्हणजे १८०० वॅट, २३० व्होल्टला साधारण ८ अँपिअर. चार्जर ६५ वॅटचे असतील तर २६०० वॅट, म्हणजे ११ अँपिअरच्या वर. हा भार १६ अँपिअरच्या स्वतंत्र लाइनला सहज पेलतो. पण बहुतेक शाळांत वर्गाच्या दिव्या-पंख्याच्या पॉइंटवर एक एक्स्टेंशन, त्याला दुसरं, दुसऱ्याला तिसरं अशी माळ लावलेली असते. ती आज ना उद्या पहिल्या पिनपाशी काळी पडते. लाईट परत येते तेव्हा आणखी एक भर पडते. प्रत्येक चार्जरच्या आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, रिकामा असतो आणि तो क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. चाळीस चार्जरनी एकाच क्षणी ओढलं की एमसीबी पडणारच.

मग करायचं असं. मुख्य बोर्डापासून कपाटापर्यंत फक्त चार्जिंगची वेगळी लाइन ओढा. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर वायर, अंतर २०-२५ मीटरच्या वर गेलं तर ४ चौरस मिलिमीटर. तिच्यावर १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी. बी प्रकारचा एमसीबी अशा झटक्याला लवकर पडतो. कपाटात दहा-दहा सॉकेटच्या चार रांगा करा आणि प्रत्येक रांगेला स्वतःचं बटण ठेवा. लाईट गेली की शिपायाने चारही बटणं बंद करायची, आल्यावर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने एकेक चालू करायचं. एवढ्यानेच तुमची निम्मी तक्रार जाईल.

आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा हवाच, मुलांचा हात लागणार आहे. पण ४० चार्जरना एकच बसवू नका. प्रत्येक चार्जरमधून थोडी गळती अर्थिंगकडे जातच असते. ती अर्धा मिलिअँपिअर धरली तरी चाळिसांची २० होते, आणि ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. मग तो 'उगाच पडतो' म्हणून कुणीतरी काढून टाकतं. वीस-वीस चार्जरना एकेक, असे दोन बसवा.

झिणझिण्या येतात त्या अर्थिंग नाही म्हणून. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जोड लावला असेल तर तो आजच काढा. नंतर वायरमनला मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. ते दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग किंवा न्यूट्रल कुठेतरी सैल आहे. न्यूट्रलला लावून 'अर्थिंग' केलेलं आढळलं तर ते फार धोक्याचं, लगेच तोडून टाका. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो. मार्च ते मे आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी घाला.

कपाट बंद पत्र्याचं असेल तर खाली आणि वर जाळी कापून घ्या. चाळीस चार्जर चालू असताना दोन-तीनशे वॅटची उष्णता आत तयार होते. बॅटरीचं आयुष्य उष्णतेनेच सगळ्यात लवकर घटतं.

बिलाची भीती नको. एक पूर्ण चार्ज म्हणजे साधारण ५० वॅट-तास, म्हणजे चाळिसांचे रोज २ युनिट. महिन्याला ५० युनिटच्या आसपास. आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालवायची गरज नाही, त्यांना स्वतःची बॅटरी आहे. लाईट गेली की राउटर बंद पडतो आणि वर्ग थांबतो, म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस फक्त राउटरला लावा.

प्रश्न : आमच्या गावात पावसाळ्यात नेट दिवसदिवस नसतं. मग लॅपटॉपचा उपयोग काय?
(शिक्षिका, गगनबावडा तालुका)

ताई, नेट नसताना चालेल अशीच मांडणी मुळात करायला हवी. नेट असलेल्या शाळेलाही आम्ही हेच सांगू, कारण चाळीस मुलांनी एकाच वेळी व्हिडिओ लावला तर प्रत्येकी दीड एमबीपीएस धरून ६० एमबीपीएस लागतात.

शाळेतला एखादा जुना डेस्कटॉप घ्या, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची डिस्क असलेला. त्यावर कोलिब्री हे मोफत सॉफ्टवेअर घाला. हा डेस्कटॉप राउटरला केबलने जोडायचा. राउटरला बाहेरचं नेट नसलं तरी बिघडत नाही. मुलं ब्राउझरमध्ये डेस्कटॉपचा अंकी पत्ता, पुढे विसर्गासारखं चिन्ह आणि ८०८० टाकतात आणि सगळं साहित्य उघडतं. राउटरमध्ये त्या डेस्कटॉपचा पत्ता कायमचा ठरवून द्या. नाहीतर लाईट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि सकाळी कुणालाच काही सापडत नाही. साहित्य उतरवताना अख्खा चॅनेल घेऊ नका, लागणाऱ्या इयत्तेचे घटकच निवडा. त्याच डिस्कवर किविक्स या नेटशिवाय वाचायच्या सॉफ्टवेअरमधून मराठी विकिपीडिया, बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ, फेटचे स्क्रीनवर करायचे विज्ञानाचे प्रयोग ठेवा. फेटमधले बरेच प्रयोग मराठीत आहेत. गणितासाठी जिओजेब्रा आणि प्रोग्रामिंगसाठी स्क्रॅच प्रत्येक लॅपटॉपवर थेट घालता येतात. हे सारं एकदा कोल्हापुरात चांगल्या नेटवर उतरवून घ्यायचं आणि हार्ड डिस्कवरून शाळेत न्यायचं.

तुमच्या भागात जांभ्या दगडाच्या जाड भिंती असतात. वायफायची ५ गिगाहर्ट्झची लहर त्यातून पलीकडे नीट जात नाही. ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी पेटी) वर्गातच, छताजवळ लावा. नेटच्या जोडणीबरोबर फुकट मिळालेल्या राउटरवर ४० यंत्रं टाकू नका, वीसच्या आसपास ती एकेक करून सुटायला लागतात.

नेट येतं त्या दिवशी चाळीसही लॅपटॉप विंडोज अपडेट ओढायला लागतात आणि दुसरं काही उघडत नाही. सेटिंगमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' चालू करून 'लोकल नेटवर्क' निवडा. मग एकाने उतरवलेलं अपडेट बाकीचे त्याच्याकडून घेतात.

प्रश्न : मराठी टायपिंग कोणत्या पद्धतीने शिकवावं? मुलं इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवतात.
(भाषा शिक्षक, कोल्हापूर शहर)

इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कळांची मांडणी. मराठी भाषा जोडली की ती विंडोजमध्ये येते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात. 'कोल्हापूर' हा शब्द बघा. के ने क, ए ने ओकार, एन ने ल, डी ने पाय मोडायचा, यू ने ह, ई ने काना, एच ने प, टी ने दीर्घ ऊकार, जे ने र. नऊ कळा, शिफ्ट एकदाही नाही. रोज १५ मिनिटं दिली तर महिना-दीड महिन्यात हात बसतो. रोमन अक्षरांतून लिहिणाऱ्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घ सॉफ्टवेअर सुचवतं. इनस्क्रिप्टमध्ये ते त्याला स्वतः ठरवावं लागतं, म्हणून शुद्धलेखनासाठीही हीच पद्धत बरी. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर मुलांच्या लॅपटॉपवर नुसती विचित्र चिन्हं दिसतील.

प्रश्न : मुलीला शाळेतून लॅपटॉप घरी मिळालाय. ती गादीवर पालथी पडून बघते. डोळ्यांचं काय? आणि आमचं गाव पुराच्या पट्ट्यात आहे, लॅपटॉप भिजला तर भरून द्यावा लागेल का ही धास्ती वेगळी.
(एक आई, शिरोळ तालुका)

ताई, आधी गादी बंद करा. हवा आत घ्यायच्या जाळ्या लॅपटॉपच्या पोटाला असतात, गादीत त्या बुजतात आणि यंत्र तापतं. लिहायचा उतरता डेस्क किंवा चौरंग घ्या आणि मुलीला भिंतीला पाठ टेकून बसवा. डोळ्यांपासून स्क्रीन निदान हातभर लांब असावी. वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर, दारातून रस्त्यापलीकडे बघायला लावा. आणि तिला रोज उजेडात बाहेर खेळू द्या. मैदानावर वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचं कमी दिसायचा त्रास कमी होतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

पुराचं म्हणाल तर २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी पाणी किती लवकर चढलं ते तुम्हाला सांगायला नको. नदी इशारा पातळीला आली की लॅपटॉप दोन जाड प्लॅस्टिक पिशव्यांत बांधून कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. भिजलाच तर चालू करून बघू नका, चार्जर लावू नका. बहुतेक यंत्रं पाण्यापेक्षा या 'बघू या चालतोय का' मुळे जातात. झाकण उघडून, तंबूसारखा उलटा ठेवा आणि एक-दोन दिवसांत तंत्रज्ञाकडून बॅटरी सुटी करून आतून साफ करून घ्या. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, त्याने आतला चिखल निघत नाही, उलट पीठ आत जातं. पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा कधीच चार्ज करायची नाही.

भरपाईबद्दल शाळेकडून लेखी घ्या. पूर, चोरी, वीज पडणं यांची जबाबदारी पालकावर नसावी. शाळांनाही आमचं सांगणं आहे, की डिपॉझिट मागू नका. १९१७ मध्ये ज्या संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथे हजार रुपये नाहीत म्हणून एखादी मुलगी मागे राहावी हे पटत नाही. विमा संचाचा काढा आणि हप्ता देणगीतून भरा.

प्रश्न : नोंद आणि दुरुस्ती यासाठी काय व्यवस्था ठेवावी?
(लिपिक, हातकणंगले तालुका)

प्रत्येक लॅपटॉप आणि प्रत्येक चार्जर जडसंग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) वेगळ्या ओळीवर, अनुक्रमांकासकट. देणगीतून आलेलाही. लॅपटॉपवर आणि त्याच्या चार्जरवर रंगाने एकच क्रमांक घाला, आणि हजेरीपटावरच्या त्या क्रमांकाच्या मुलाला कायम तोच लॅपटॉप द्या. तासिका संपायच्या आधी पाच मिनिटं काढायची : मुलं यंत्र बंद करतात, दोघं वर्गप्रतिनिधी क्रमांक मोजतात, बिघाड वहीत लिहितात. ४० मागे चार चार्जर जादा ठेवा, सगळ्यात आधी तेच जातात. मुलं वायर धरून ओढतात.

टचपॅड वर उचलल्यासारखं दिसलं, किंवा झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगली आहे. ते यंत्र त्या क्षणी बंद करा, दाबू नका, टोचू नका, लाकडी कपाटापासून लांब ठेवा. अशा बॅटऱ्या भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत. निर्लेखन झालं, म्हणजे नोंदवहीतून वस्तू कमी केली, की अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या आणि पावती फाइलला लावा.

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत लॅपटॉप कसे ठेवावेत?
(शिपाई, भुदरगड तालुका)

पूर्ण चार्ज करून नाही आणि रिकामे करूनही नाही. ५०-६० टक्क्यांवर आणून पूर्ण बंद करा, चार्जर काढा, कपाटाचा मेन बंद करा. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ठेवू नका. पाच-सहा आठवड्यांनी एकदा चालू करून बॅटरी पुन्हा ५० वर आणा. जूनमध्ये पाऊस लागला की प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि निळी गुलाबी झाली की वाळवून परत ठेवा.